आधी विहीर, की आधी धुरा

केळझर मागे पडलं की वर्ध्याकडे जाणारा रस्ता एका बुटक्या टेकडीला वळसा घालतो. हल्ली तिथे रस्ता रुंद करायचं काम चाललं आहे. परवा आमची एसटी तिथे बराच वेळ अडली. ऊन चढलेलं, गाडीत उकाडा; माणसं एकेक करून खाली उतरली, कुणी बाभळीच्या सावलीत उकिडवं बसलं, कुणी तंबाखू मळायला घेतली. मी पाय मोकळे करायच्या निमित्ताने टेकडीच्या कापलेल्या अंगाकडे गेलो. यंत्रांनी तिची एक बाजू उभी तासून काढली होती. वर हातभर काळी माती, तिच्याखाली पिवळट मुरूम, मग विटेसारखा लाल पट्टा, आणि त्याच्याही खाली काळाभोर, अंगावर येणारा खडक. आदल्या दिवशीच सुरुंग लागले असावेत, कारण त्या खडकाला अजून फुटल्याचा वास होता. नुकत्याच फुटलेल्या काळ्या दगडाचा वास ज्याने कधी घेतला नाही, त्याला तो समजावून सांगता येत नाही. थोडा विझलेल्या काडीसारखा, थोडा तापल्या तव्यावर पाण्याचा शिपका पडावा तसा. मी त्या लाल पट्ट्यावर बोट फिरवत उभा होतो, तेव्हा आमच्याच गाडीतली एक बाई मागून म्हणाली, "काका, काही पडलं का तुमचं?" मी म्हटलं, "नाही हो, बघतोय नुसतं." तिनेही क्षणभर वर पाहिलं, खाली पाहिलं. "मातीच तं आहे," ती म्हणाली आणि सावलीकडे परतली.

मातीच आहे, हे खरंच. मीही तसंच म्हणालो असतो, जर पन्नासच्या दशकात नागपूरच्या कॉलेजात एका माणसाच्या हाताखाली शिकायला मिळालं नसतं तर. ते आमचे भूगर्भशास्त्राचे अध्यापक. देशावरून नोकरीसाठी इकडे आलेले, सडसडीत, बोलणं हळू. त्यांच्या पिशवीत हातोडा असे, आणि पिशवी फाटू नये म्हणून तो जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला असे. वर्गात पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, "दगडाला वय विचारू नका, तो सांगणार नाही. त्याला एवढंच विचारा, बाबा रे, तू आलास तेव्हा इथे आधी कोण होतं?" आम्ही खेड्यापाड्यांतून आलेली मुलं. इंग्रजी पुस्तकातली लांबलचक नावं ऐकून आमचा जीव घाबरा व्हायचा. तर हा माणूस ती नावं बाजूला ठेवायचा आणि आमच्या घरातल्या वस्तू आमच्यापुढे मांडायचा. सकाळी गोधड्यांची चवड रचता ना, मग सगळ्यांत खालची गोधडी कुणाची? जो सगळ्यांत आधी उठला त्याची. खडकांचे थर असेच. खालचा आधीचा, वरचा नंतरचा. भाकरीला चीर गेली तर आधी भाकरी असणार, मग चीर. खिचडीत डाळीचे दाणे दिसले तर डाळ खिचडीच्या आधीची. एवढ्या साध्या तीन-चार गोष्टी, पण त्यांच्या आधाराने माणूस डोंगर वाचू शकतो, हे त्यांनी आमच्या गळी उतरवलं. वर्षांचे आकडे सांगणाऱ्या पद्धती परदेशात निघाल्या आहेत, असं ते कधीमधी सांगत. पण आमच्या प्रयोगशाळेत तसलं काही नव्हतं. आमच्यापाशी क्रम होता. आधी कोण आणि मागून कोण, एवढंच. आणि ते पुष्कळ आहे, असं सर म्हणत.

गावात मात्र माझ्या शिक्षणाची बरीच थट्टा व्हायची. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. कॉलेजात गेलो तेव्हा मी डॉक्टर होणार की वकील, एवढीच लोकांना उत्सुकता. दगडांचा अभ्यास करतो म्हटल्यावर पारावर हसू फुटलं. "दगड फोडाले नागपूरले कायले जा लागते? इथं सडकेवर रोजी भेटते," असं कुणीतरी म्हणालं, आणि ते वाक्य बरेच दिवस माझ्या मागेमागे फिरत राहिलं. बाबांना स्वतःला तरी माझा विषय कुठे कळला होता? त्यांना एवढंच माहीत होतं की पोरगं शिकून राह्यलं, आणि शिकू द्यायचं असेल तर वाडीला पाणी कमी पडता कामा नये. आमची जमीन कोरडवाहू. कापूस, ज्वारी, तूर. पण विहिरीच्या अंगाला छोटी भाजीची वाडी होती. वांगी, मिरच्या, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. पहाटे बैलबंडी जुंपून बाबा सेलूच्या नाहीतर वर्ध्याच्या बाजाराला जात. माझं नागपूरचं राहणं-खाणं त्या वाडीतून निघायचं. म्हणजे नीट पाहिलं तर ते त्या विहिरीतून निघायचं.

त्या विहिरीवरूनच पुढे सगळं झालं. ती आमच्या शेतात होती, पण धुऱ्याला अगदी खेटून. धुरा म्हणजे दोन शेतांमधला मातीचा बांध. आमच्याकडे त्याला रान वाढू देतात. बोरी, हिवर, पावसाळ्यात गवत. धुऱ्यापलीकडचं शेत मोठ्या मायचं. ती माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाची सून, नात्याने माझी चुलती. आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ वेगळे झाले, तेव्हा एका शेताची दोन शेतं झाली. ही वाटणी बाबांना कळायला लागायच्या आधीची. मोठ्या मायचा नवरा मी लहान असतानाच गेला. मुलगी सासरी, घरात दुसरं कुणी नाही. कपाशी मजुरीने वेचून ती कशीबशी राहत असे. त्या वर्षी तिने ठरवलं की आपणही भाजी लावायची, नाहीतर शेत सोडून माहेरी भावाच्या दारी जाऊन राहायचं. भाजी म्हणजे मोट, आणि मोट म्हणजे विहीर. तिने बाबांना सांगितलं की विहिरीत माझा अर्धा हिस्सा आहे, एक दिवसाआड पाळी मले पाहिजे.

बाबा तिच्याशी कधी उंच आवाजात बोलले नव्हते. पिण्याला पाणी लागेल तेवढं घेजो, वयनी, असं त्यांनी सांगितलं. पण मोटेचा हक्क नाही. विहीर त्यांच्या बापाने, म्हणजे माझ्या आजोबांनी, वाटणी झाल्यावर एकट्याने खोदली, असं ते लहानपणापासून ऐकत आलेले. ऐकत कशाला, त्यांनी स्वतः पाहिलं होतं. आठवायला लागलं तेव्हाचं त्यांचं अगदी पहिलं चित्र तेच होतं. विहिरीतून सुरुंगाचे आवाज येताहेत, माणसं घमेल्यांनी काळे दगड वर काढताहेत आणि धुऱ्यावर नेऊन टाकताहेत. मोठ्या मायला तिच्या सासऱ्याने सांगितलेलं वेगळं. दोघा भावांनी मिळून विहीर खोदली, घाम दोघांचा, पाणी दोघांचं. वाटणी त्याच्या मागून झाली. कागद कुणाकडेच नव्हता. दोन घरांत दोन गोष्टी, आणि दोन्ही सांगणारी माणसं प्रामाणिक. भांडणात खोटं बोलणारा कुणी असला म्हणजे निवाडा सोपा होतो. इथे तसं कुणी नव्हतं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आमच्या वर्गाची सहल केळझरच्या बाजूला आली होती. आमचं गाव तिथून जवळच, म्हणून वाटाड्या मी. सेलूपर्यंत रेल्वे, पुढे पायी. नाल्याच्या कडेला सरांनी आम्हाला उभं केलं. पाण्याने कातलेल्या त्या दरडीत काळ्या खडकाखाली लाल मातीचा पट्टा होता, तिच्याखाली पुन्हा काळा खडक. सर म्हणाले, "तुमचा हा सगळा मुलूख एकेकाळी तापलेल्या रसाखाली गेला होता. पण एकदम नाही. एक लोट आला, निवाला, त्याच्यावर पाऊस पडला, ऊन पडलं, माती झाली. मग दुसरा लोट आला आणि त्याने ती माती भाजून काढली. हा लाल पट्टा म्हणजे मधली विश्रांती." मी त्या नाल्यात लहानपणी खेकडे पकडले होते. ती लाल माती आम्ही पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावत असू. कुणाची तरी विश्रांती आम्ही बैलाच्या शिंगाला फासत होतो, हे कळल्यावर मला हसूही आलं आणि कसंसंही झालं. परत निघताना सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. वाटेत कुणाच्यातरी विहिरीजवळ उपशाचा ढीग होता. एका मुलाने त्याच्यावरून थर सांगायला सुरुवात केली, तशी सरांनी त्याला थांबवलं. निसर्ग रचतो तसं माणूस रचत नाही, ते म्हणाले. विहीर खोदणारा आधी वरची माती काढतो आणि ती तळाशी पडते. सगळ्यांत खोलचा दगड ढिगावर सगळ्यांत वर येऊन बसतो. माणसाचा हात लागलेला ढीग नेहमी उलटा वाचायचा.

नाताळच्या सुट्टीत मी घरी आलो तेव्हा वाडीच्या कडेला माणसं जमलेली होती. कपाशी फुटलेली, तुरीला पिवळा बहर. मोठी माय धुऱ्याच्या तिच्या बाजूला बसली होती, बाबा आमच्या बाजूला. मध्यस्थ म्हणून शेजारच्या शेतातले गोंड आजोबा बोलावलेले होते. गावात त्यांच्याइतकं वय कुणाचं नव्हतं, आणि दोन्ही घरांना त्यांचा शब्द चाले. वाटणी झाली तेव्हा ते पोरसवदा होते. त्यांना सगळ्यांनी पुन्हा पुन्हा तेच विचारलं, की तेव्हा विहीर होती का. म्हातारा मान हलवत राहिला.

"धुरा घातला तवा खाली कोळसा टाकला होता, ते बराबर ध्यानात हाये," ते म्हणाले. "घमेलंभर कोळसा होता. मी हात घातला अन् तोंड काळं करून घेतलं, माया मायनं मले झोडपलं. पन इहीर होती का नोती, ते काई याद नाई. पोराले कोळसा दिसते, इहीर थोडी दिसते."

आमच्या भागात वाटणीचा धुरा घालताना खाली कोळसा पुरायची जुनी रीत आहे. दगड हलवता येतो, झाड तोडता येतं, पण कोळसा कुजत नाही आणि मातीत लपत नाही. पुढे कुणी धुरा सरकवला तर खणून पाहायचं, कोळसा निघाला तर तीच जागा खरी. धुऱ्याच्या पोटात साक्षीदार ठेवून देण्यासारखंच ते.

बाबा उठून उभे राहिले. त्यांनी धुऱ्यावरच्या काळ्या दगडांकडे बोट केलं. "हे पाहा. इहिरीचे दगड धुऱ्यावर हायेत का नाई? धुरा खाली, दगड वर. मंग आधी कोन? आधी धुरा, अन् मागून इहीर." आणि मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "कालेजात हेच शिकवते ना तुमाले, आधी कोन अन् मागून कोन? सांग मंग सगळ्याईले."

त्यांच्या आवाजात रुबाब नव्हता. अभिमान होता, आणि तो विहिरीचा नव्हता, माझा होता. पारावरच्या हसण्याला त्यांना आज उत्तर मिळणार होतं. गोंड आजोबाही म्हणाले, "हो, सांग बाबू. आमी तं अंगठेवाले. तू दगडाशी बोलून राह्यला म्हन्तेत." लोक हसले. मोठी माय हसली नाही. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत माझ्याकडे पाहत होती. तिने मला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं होतं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, फक्त मी काय म्हणतो त्याची प्रतीक्षा होती.

बाबांचं म्हणणं वरवर अगदी शास्त्राला धरून होतं. खालचा आधीचा, वरचा नंतरचा. मी तेवढ्यावर थांबलो असतो तर कुणी काही म्हटलं नसतं. पण मी त्या दगडांजवळ गेलो आणि मला एक गोष्ट खटकली. ते सगळे एकाच जातीचे होते. काळे, कठीण, फुटलेल्या अंगावर हिरवे ठिपके असलेले, विहिरीच्या अगदी तळाचे. मी काठावरून विहिरीत डोकावलो. भिंतीत सगळं ओळीने दिसत होतं. काळी माती, मुरूम, लाल पट्टा, आणि पट्ट्याच्या खाली हाच काळा खडक. मग विहिरीच्या वरच्या भागातून निघालेली माती कुठे गेली? एवढा मुरूम, एवढी लाल माती कुणी पाठीवर घेऊन गावात तर नेली नसेल. मी म्हटलं, "बाबा, धुरा कापून पाहावं लागते."

"कापू," ते म्हणाले. दुसऱ्या कुणाला त्यांनी हात लावू दिला नाही. कुदळ घेऊन, विहिरीच्या समोर धुरा जिथे सगळ्यांत रुंद होता, तिथे त्यांनी स्वतः आडवा काप घेतला. काळे दगड बाजूला केले. खाली धुऱ्याची काळी माती लागली, मुळ्यांनी गुंफलेली. बाबा खणत गेले आणि मी मागे बसून हाताने कापाची भिंत साफ करत गेलो, सर नाल्यात करत तशी. मग कुदळीच्या पात्याला काळा चुरा लागून आला. कोळसा. गोंड आजोबा वाकून पाहत म्हणाले, "हेच माया थोबाडाले लागलं होतं." पुन्हा हसू झालं. बाबाही हसले. धुरा जागेवर होता, साक्षीदार जिवंत होता.

"आता खाली काई नाई, खाली जमीन," असं म्हणत त्यांनी आणखी एक घाव घातला. आणि कुदळ लाल होऊन वर आली.

कोळशाच्या खाली लाल मातीचा भुगा होता. त्याच्याखाली मुरूम. त्याच्याखाली, सगळ्यांत तळाशी, सैल काळी माती, आणि मग घट्ट जमीन. क्षणभर माझाही गोंधळ झाला. काळी माती मुरमाच्या खाली कशी? मग सरांचा तो उपशाचा ढीग आठवला. विहिरीच्या भिंतीत जे वरून खाली होतं, तेच इथे खालून वर होतं, पाण्यातल्या झाडाच्या प्रतिबिंबासारखं. हा पहिल्या खोदाईचा उपसा होता. तो आधी पडला. त्याच्यावर वाटणीचा कोळसा अंथरला गेला, कोळशावर धुरा चढला, आणि पुष्कळ काळाने, कुठल्यातरी कोरड्या वर्षी, विहीर आणखी खोल केली तेव्हा तळाचे काळे दगड धुऱ्यावर येऊन पडले. बाबांनी लहानपणी पाहिलं होतं ते हे शेवटचं.

सगळं माझ्यासमोर उघडं होतं आणि ते मोठ्याने म्हणायचं होतं. बाबा कुदळीवर हात ठेवून माझ्याकडे पाहत होते. त्यांना अजून उमगलं नव्हतं. विहिरीचं अर्धं पाणी गेलं की वाडी अर्धी होणार, आणि वाडी अर्धी झाली की माझं नागपूर राहतं की जातं, हे मला कळत होतं. नाही सांगितलं तर मोठी माय पुढच्या पंधरवड्यात ट्रंक घेऊन माहेरी जाणार, हेही कळत होतं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि हळू म्हटलं, "बाबा, तुमी पाह्यलं ते खरंच हाये. पन ते दुसऱ्यांदा होतं. माया आजोबानं इहीर खोल केली, ते तुमी पाह्यलं. पहिल्यांदा खोदली तवाची माती ही कोळशाच्या खाली हाये." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा एकदा सांगितलं. विहीर आधीची, धुरा मागूनचा.

बाबांनी खाली वाकून मूठभर लाल माती घेतली. तिच्यावरचा कोळशाचा चुरा अंगठ्याने बाजूला केला. शेतकऱ्याला मातीचं कुणी समजावून सांगावं लागत नाही. एकदा दिसलं की दिसलं. गोंड आजोबा आता थट्टा करत नव्हते. मोठी माय म्हणाली, "भाऊजी, राहू द्या. पोराचं शिक्षण होऊ द्या आधी. मी पाहीन माह्यं."

"काऊन?" बाबा म्हणाले. "पोराच्या शिक्षणानंच तं निघालं हे." ते उठले, माती झटकली, आणि गोंड आजोबांना सांगितलं, "एक दिवस आमची पाळी, एक दिवस वयनीची. लिहून घ्याचं असन तं लिहून घ्या." कुणी लिहून घेतलं नाही. बाबांनी म्हटलं, एवढंच पुरलं.

त्या रात्री आईने भाकरी वाढली, बाबांनी खाल्ली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि मला वाटलं की आता हे असंच राहणार. एक गोष्ट त्या माणसांमध्ये कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. पाळी मिळाली तरी मोठ्या मायकडे मोट ओढायला बैल नव्हते आणि हाकायला माणूस नव्हता. तिची पाळी उजाडली त्या सकाळी मी दात घासत बाहेर आलो तर बाबा गोठ्यातून बैल सोडत होते. आज आपली पाळी नाही, असं मी म्हणायच्या आधी ते निघूनही गेले. मागून गेलो तेव्हा मोट चालू होती. आमच्या वाडीचा पाट बंद होता आणि धुऱ्यातल्या त्याच कापातून पाणी पलीकडे चाललं होतं. मोठी माय वांग्याच्या नव्या वाफ्याशी उभी राहून ओरडून सांगत होती, "भाऊजी, बैल थकतीन तुमचे."

बाबा सोंदूर, म्हणजे मोटेच्या सोंडेचा दोर, हातात धरून बैलांबरोबर उतारावरून खाली येत होते. वळता वळता ते म्हणाले, "बैलाले काय समजते, पानी कोनाच्या वाडीत चाललं ते."

सुट्टी संपवून नागपूरला गेलो आणि सरांना धुऱ्याची हकिकत सांगितली. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मला फळ्यावर काप काढायला लावला. पहिली खोदाई, कोळसा, बांध, दुसरी खोदाई. मुलांनी वह्यांत उतरवून घेतलं. सगळं झाल्यावर मला वाटलं, आता ते एखादा शास्त्रातला प्रश्न विचारतील. त्यांनी विचारलं, "वडील काय म्हणाले?" मी बैलांचं सांगितलं. त्या दिवशी तास संपल्यावर सरांनी फळा पुसला नाही. पुढच्या सत्रात, मी न मागता, त्यांनी मला त्यांच्या घरची बाहेरची खोली राहायला दिली आणि तिथे राहून मी पदवी घेतली. त्या काळी एखाद्या अध्यापकाने असं करण्यात विशेष काही आहे, असं त्यांना वाटत नसावं. मला मात्र त्यांचे पाय आठवतात. कॅनव्हासच्या बुटांवर नाल्यातल्या लाल मातीचे डाग असायचे आणि ते त्यांनी कधी धुऊन काढले नाहीत.

पुढे मी हिंगणघाटला शाळेत शिक्षक झालो. भूगोल शिकवला, विज्ञान शिकवलं. गोधड्यांची चवड माझ्याही वर्गात आली. सर गेले, गोंड आजोबा गेले, मोठी माय पिकल्या वयात आपल्याच घरात गेली. बाबाही गेले. त्या धुऱ्याचं तर आता नावही उरलं नाही. दोन्हीकडच्या नातवंडांनी मिळून ट्रॅक्टरने तो सपाट केला, कारण मधे धुरा असला की वळायला अडचण होते. विहिरीवर मोटार आहे. कुणाची पाळी कधी, हे आता वीज कधी येते त्यावर ठरतं. तिथे उद्या कुणी शास्त्रज्ञ येऊन बसला तरी त्याला दोन घरांमधल्या वाटणीचा पुरावा सापडणार नाही. सगळं एका नांगरटीत मिसळून गेलं आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. काही थर मोडावेत, म्हणूनच माणसं इतकी मेहनत करत असतात.

वय झाल्यावर आठवणींचे आकडे पुसट होतात. ते साल नेमकं कोणतं, तेव्हा बाबा चाळिशीत होते की पुढे गेले होते, मला आता खात्रीने सांगता येत नाही. क्रम मात्र सांगता येतो. आधी त्यांनी मला शिकायला पाठवलं. मग मी जे शिकून आलो, ते चारचौघांत माझ्या तोंडून ऐकून घेतलं. पहिल्या गोष्टीला कष्ट पुरतात, आणि ते आमच्याकडे सगळेच बाप करत होते. दुसऱ्या गोष्टीला काय पुरलं असेल, हे मी स्वतः बाप झाल्यावर थोडंसं कळलं. पुरतं अजून कळलेलं नाही.